बलाबलाचा वाद : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलरसिकांच्या युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ भारतीय वाचकाच्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन वा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा हा खेळ तेथील विद्यापीठांच्या प्रांगणातच वाढला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना हा त्याच्या आंतरमहाविद्यालयीन इतिहासाचा आरंभ मानला जातो. आज काही विद्यापीठांच्या मैदानांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात.

ही विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली आहेत. एका गटातील विद्यापीठे हंगामातील बहुतेक सामने आपापसांत खेळतात व त्यांतून गटविजेता ठरतो. ‘बिग टेन’ १८९६ मध्ये, दक्षिणेतील ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ (एसईसी) १९३२ मध्ये, तर ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ (एसीसी) १९५३ मध्ये स्थापन झाली. यांपैकी अधिक बलवान कोणती, हा तेथील क्रीडारसिकांचा न संपणारा वाद आहे. वरवर पाहता तो रिकामपणचा उद्योग वाटतो. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी कोणाला खेळू द्यावयाचे हा निर्णय दीर्घकाळ याच वादाच्या उत्तरावर अवलंबून राहिला आहे. म्हणूनच त्यातील युक्तिवाद तपासणे अगत्याचे ठरते.

१) ‘बल’ या शब्दाचे तीन अर्थ

या वादातील पहिली अडचण संज्ञेची आहे. ‘बलवान’ हे विशेषण रसिक किमान तीन अर्थांनी वापरतात. पहिला अर्थ शिखराचा : ज्या गटाचा सर्वोत्तम संघ राष्ट्रीय विजेता, तो गट श्रेष्ठ. दुसरा सरासरीचा : गटातील सर्व संघांची एकत्रित गुणवत्ता. तिसरा खोलीचा : गटात सोपा प्रतिस्पर्धी मिळणे किती दुर्मिळ आहे. हे तीनही अर्थ आपापल्या जागी योग्य आहेत. दोष आहे तो वादाच्या ओघात एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर नकळत सरकण्याचा.

एसईसीचे उदाहरण बोलके आहे. २००६ ते २०१२ या सलग सात हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद याच गटाकडे राहिले. ही कामगिरी खरी आहे आणि ती केवळ प्रसिद्धीचा खेळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. पण ती सात अजिंक्यपदे फ्लोरिडा, लुइझियाना स्टेट (एलएसयू), अलाबामा आणि ऑबर्न या चारच संघांनी मिळविली. २०१२ मध्ये गटाची सदस्यसंख्या बारावरून चौदा झाली होती. शिखराच्या या पुराव्यावरून उरलेल्या आठ-दहा संघांविषयी काहीच सिद्ध होत नाही. तरीही व्हँडरबिल्ट वा केंटकी यांचा रसिक ‘आमची कॉन्फरन्स’ म्हणून त्या यशावर हक्क सांगतो. शिखराने मिळविलेले श्रेय अशा रीतीने पायथ्याच्या नावे जमा होते.

२) अन्योन्याश्रय दोष

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. भारतीय तर्कपरंपरेत ज्याला ‘अन्योन्याश्रय’ म्हणतात तो दोष येथे जवळजवळ अंगभूत आहे. ‘क’ हा संघ बलवान का? कारण त्याने ‘ख’सारख्या बलवान संघाला हरविले. ‘ख’ बलवान कशावरून? कारण ‘क’सारख्या बलवान संघाशी तो निकराने झुंजला. दोन सिद्धी एकमेकींच्या आधारावर उभ्या राहतात आणि दोहोंच्या खाली जमीन नसते.

साध्या अंकगणिताने हे स्पष्ट होईल. सोळा संघांच्या गटात प्रत्येक संघ गटांतर्गत आठ सामने खेळला, तर एकूण ६४ सामने होतील. त्यांत ६४ विजय आणि ६४ पराभव असणारच. गट अत्यंत बलवान असो वा अत्यंत दुबळा, ही बेरीज बदलत नाही. विजय सर्वांत समान वाटले गेले तर रसिक म्हणतो, ‘पाहा, येथे कोणीही कोणालाही हरवू शकतो, केवढी खोली!’ दोनच संघ सतत जिंकले तर तोच म्हणतो, ‘पाहा, केवढे बलाढ्य संघ!’ कोणत्याही निकालाने खंडित न होणारे विधान निकालांवरून सिद्धही होत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

खरा पुरावा मिळतो तो दोन गटांतील संघ परस्परांना भिडतात तेव्हा. असे सामने थोडे असतात. बारा सामन्यांच्या नियमित हंगामात गटाबाहेरचे तीन किंवा चारच सामने होतात आणि त्यांतही एखादा-दुसरा घरच्या मैदानावर, मुद्दाम निवडलेल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी असतो. हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांचा आधार घ्यावा, तर अलीकडे व्यावसायिक खेळाकडे वळणारे प्रमुख खेळाडू अनेकदा त्यांत उतरतच नाहीत. थोडक्यात, जेवढा आवेश मोठा तेवढा पुरावा तोकडा, असे या वादाचे स्वरूप आहे.

३) एक प्रश्न, दोन उत्तरे

१९९८ ते २०१३ या काळात मतदान आणि संगणकीय क्रमवारी यांच्या मिश्रणातून दोन संघ अंतिम सामन्यासाठी निवडले जात. या पद्धतीतील दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

१८ नोव्हेंबर २००६ रोजी पहिल्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटने दुसऱ्या क्रमांकाच्या मिशिगनला ४२–३९ असे हरविले. दोन्ही संघ बिग टेनचे. तीन गुणांनी हरलेल्या मिशिगनला पुन्हा संधी द्यावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला. उत्तर नकारार्थी आले आणि एसईसीचा विजेता फ्लोरिडा निवडला गेला. पुढे ५ नोव्हेंबर २०११ रोजी एलएसयूने अलाबामाला जादा वेळेत ९–६ असे हरविले. दोन्ही संघ एसईसीचे. फरक पुन्हा तीन गुणांचाच. या वेळी उत्तर होकारार्थी आले. गटविजेता नसलेला अलाबामा अंतिम सामन्यात खेळला आणि ‘बिग ट्वेल्व्ह’चा विजेता ओक्लाहोमा स्टेट बाहेर राहिला.

दोन्ही निर्णयांचे समर्थन निकालांनी झाले, असे म्हटले जाते. फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१–१४ असे नमविले. अलाबामाने एलएसयूला २१–० असे. परंतु निकाल निवड झालेल्या संघाविषयी बोलतो, वगळलेल्या संघाविषयी तो मौन पाळतो. ओक्लाहोमा स्टेटने काय केले असते हे त्या २१–० मधून कळत नाही. शिवाय दोन प्रसंगांतील पर्यायी संघ वेगळे होते हे मान्य केले, तरी ‘पुन्हा सामना नको’ हे २००६ मधील तत्त्व २०११ मध्ये इतक्या सहजपणे सोडून दिले गेले, यात मधल्या पाच वर्षांत वाढलेल्या गटप्रतिष्ठेचा वाटा नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

ही प्रतिष्ठा शाश्वत नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. २००४ मध्ये एसईसीचा अपराजित ऑबर्न अंतिम सामन्यापासून वंचित राहिला होता. २०२३ मध्ये तीच वेळ एसीसीच्या फ्लोरिडा स्टेटवर आली. तेरापैकी तेरा सामने जिंकूनही निवड समितीने त्याला चार संघांत घेतले नाही. प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्याने तो पूर्वीचा संघ राहिला नाही, असे कारण दिले गेले. त्याऐवजी एक पराभव पत्करलेला अलाबामा निवडला गेला. पुढे अलाबामा उपान्त्य सामन्यात मिशिगनकडून हरला, तर अनेक खेळाडूंविना उतरलेल्या फ्लोरिडा स्टेटचा जॉर्जियाने ६३–३ असा धुव्वा उडविला. दोन्ही पक्षांना आपापला पुरावा मिळाला आणि वाद जेथे होता तेथेच राहिला.

४) अभिमानाची मुळे

तर्क इतका लंगडा असताना निष्ठा एवढी बळकट का, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. दक्षिणेतील प्रेक्षक ‘एस-ई-सी’ असा घोष करतात तेव्हा वर्षभर ज्याचा द्वेष केला त्या शेजारी संघाच्या विजयातही ते सहभागी होतात. यादवी युद्धातील पराभव आणि त्यानंतरचे दारिद्र्य यांची स्मृती वागविणाऱ्या या प्रदेशाला उत्तरेपुढे ताठ मानेने उभे राहण्याचे एक साधन फुटबॉलने दिले. १ जानेवारी १९२६ रोजी अलाबामाने रोझ बोल सामन्यात वॉशिंग्टनचा २०–१९ असा पराभव केला, तो सबंध दक्षिणेने आपला विजय मानला.

पण या अभिमानाची दुसरी बाजूही आहे. एसईसीच्या फुटबॉल सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६७ मध्ये, केंटकीच्या संघातून, उतरला. तोवर दक्षिणेतील गुणी कृष्णवर्णीय तरुण उत्तरेकडे जात. टेक्ससचा बब्बा स्मिथ मिशिगन स्टेटकडून, म्हणजे बिग टेनमध्ये खेळला. आज दक्षिणेच्या मातीचा गुण म्हणून जे बल सांगितले जाते त्याचा मोठा भाग ज्यांना पूर्वी दार बंद होते त्यांच्या कर्तृत्वाचा आहे. गटाचे बल हा स्वभावधर्म नसून सामाजिक परिस्थितीचे फलित आहे, याची जाणीव या वादात क्वचितच आढळते.

५) वादाची किंमत

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी हक्कांवरील राष्ट्रीय संघटनेचे नियंत्रण बेकायदा ठरविले. त्यानंतर हे हक्क विकण्याचे सामर्थ्य गटांकडे गेले आणि गटाच्या प्रतिष्ठेला बाजारभाव आला. २०२२ मध्ये बिग टेनने केलेला करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता. रसिकांचा ‘आम्ही श्रेष्ठ’ हा घोष आता या व्यापाराचे भांडवल झाला आहे.

परिणाम दूरगामी झाले. २०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले. यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये. ‘दहा’ हे नाव मिरविणाऱ्या गटाची सदस्यसंख्या अठरा झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या ‘पॅक-ट्वेल्व्ह’ गटात ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे राहिली. ती मैदानावर हरली नव्हती. बाजाराने त्यांना निवडले नाही इतकेच. न्यू जर्सीतील रटगर्स आणि लॉस एंजेलिसमधील यूसीएलए आता एकाच गटात आहेत. त्या अंतराचा भार फुटबॉलपटूंवरच नव्हे, तर इतर खेळांतील विद्यार्थ्यांवर आणि त्यांच्या बुडणाऱ्या तासिकांवरही पडतो.

समारोप

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : सत्यशोधनासाठी वाद, विजयासाठी जल्प आणि केवळ परपक्षाच्या खंडनासाठी वितंडा. रसिकांची ही चर्चा बोलते वादाची भाषा, पण चालते जल्पाच्या वाटेने. रसिकांनी जल्प करावा, त्यात गैर काही नाही. क्रीडेचा निम्मा आनंद त्यातच आहे. गैर आहे ते निवड समित्यांनी जल्पातील प्रतिष्ठेला प्रमाण मानणे. २०२४ पासून निवडल्या जाणाऱ्या संघांची संख्या चारवरून बारा झाली, म्हणजे मैदानावर ठरणाऱ्या प्रश्नांची संख्या वाढली. २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन हंगामांची अजिंक्यपदे मिशिगन, ओहायो स्टेट आणि इंडियाना या बिग टेनच्या संघांनी मिळविली. यावरून बिग टेनच आता श्रेष्ठ, असा घोष सुरू होणे स्वाभाविक आहे. पण तसे म्हणणे म्हणजे शिखरावरून पायथ्याचे मोजमाप करण्याची जुनी चूक नव्या नावाने पुन्हा करणे होय.

संस्थेचे मूल्य तिच्या कामगिरीवरून ठरवावे की ती कोणाच्या पंक्तीला बसते यावरून, हा या वादातील खरा प्रश्न आहे. तो केवळ मैदानापुरता मर्यादित नाही, हे विद्याक्षेत्रात वावरणाऱ्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.