वर्तुळाच्या मध्यात काय?

‘सगळ्या धर्मांचे वर्तुळ एकच’ असे विधान मी काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात केले आणि टाळ्याही घेतल्या. ते आज मागे घ्यायचे आहे. माझा आधार होता कार्ल युंग. १९१६ साली त्याने आपले पहिले मंडल रेखाटले आणि पुढे ‘मंडल म्हणजे मनाच्या पूर्णत्वाची प्रतिमा’ अशी मांडणी केली. मांडणी मोहक आहे. पण वाशीम जिल्ह्याशी नाते सांगणारी तीन वर्तुळे शेजारी ठेवली की ती अपुरी पडते.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेणाच्या राजवटीत अजिंठ्याचे सतरावे लेणे कोरले गेले. त्याच्या ओसरीत भवचक्र रंगवलेले आहे. आज ते बरेच झडले आहे. पण ते कसे काढावे, हे मूलसर्वास्तिवादी विनयात सांगितले आहे. मध्यात कबूतर, साप आणि डुक्कर. म्हणजे राग, द्वेष, मोह. इथे केंद्रात पूर्णत्व नाही, बंधनाचे मूळ आहे. हे वर्तुळ पाहायचे ते त्यातून सुटण्यासाठी.

कारंजा ही दिगंबर भट्टारकांच्या गाद्यांची जुनी जागा. दिगंबर परंपरेत अष्टाह्निक पर्वात सिद्धचक्र विधान होते. मंडल मांडून पहिल्या दिवशी ८ अर्घ्ये, मग रोज दुप्पट. आठव्या दिवशी १०२४. एकूण २०४०. मध्यात बीजाक्षर आहे, पण भक्त तिथे झेप घेत नाही. तो सिद्धांचे गुण मोजत, एकेक अर्घ्य वाहत राहतो. हे वर्तुळ पाहण्याचे नाही, करण्याचे आहे.

तिसरे वर्तुळ पोहरादेवीला येणाऱ्या बंजारा समाजातले: घागरीखालची, कवड्यांनी सजवलेली चुंबळ. ‘ही कुठे पवित्र आकृती?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच ती इथे हवी. उद्या काचेआड ठेवली की तिलाही आपण सहज ‘मंडल’ म्हणू. पण तिचा मध्य रिकामा आहे, कारण घागरीचा गोल बूड त्यात बसायचा असतो. त्या पोकळीला ‘शून्य’ म्हटले, की पाणी वाहणारी बाई नजरेआड होते.

तौलनिक अभ्यास नको, असे मी म्हणत नाही. घेर सारखा दिसला म्हणून थांबू नये, एवढेच. आधी मध्यात काय आहे ते पाहावे आणि त्या वर्तुळाशी माणूस काय करतो ते विचारावे. माझ्या व्याख्यानात हे दोन्ही प्रश्न नव्हते.