विज्ञानपटातील नायिका आणि जळगावचे गणित

विज्ञानकथेची एक जुनी कसोटी मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. कथेतले विज्ञान काढून घ्यायचे आणि कथा तरीही उभी राहते का ते पाहायचे. उभी राहिली, तर ती विज्ञानकथा नव्हतीच. पडद्यावरच्या विज्ञानपटांना ही कसोटी लावताना आम्ही तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारतो. या कथेतल्या स्त्रीला काही ठाऊक आहे का? म्हणजे एखादी गोष्ट तिच्या लक्षात येते, ती तपासून पाहते आणि तिच्या त्या जाणण्यामुळे कथेची दिशा बदलते, असे कुठे घडते का? प्रश्न साधा आहे, पण त्यापाशी भले भले चित्रपट अडखळतात.

हा प्रश्न आम्ही येथे मृणाल ठाकूर हिच्या कारकिर्दीला लावून पाहत आहोत. तिचा जन्म १९९२ साली धुळ्याचा आणि शालेय शिक्षणाचा काही काळ जळगावचा. त्यामुळे खानदेशातल्या मुलामुलींना ती आपली वाटते, आणि तिचे चित्रपट वर्गात न सांगताही पाहिलेले असतात. तिला विज्ञानपटांची अभिनेत्री म्हणणे धाडसाचे होईल. ‘कल्की २८९८ एडी’ या २०२४ मधील प्रचंड विज्ञानपटात ती पाहुणी म्हणून थोडा वेळ दिसते, इतकेच. परंतु तिच्या वाट्याला आलेले चित्रपट ओळीने पाहिले तर गणित, वैद्यक, गुप्तलेखन, अनुवंशशास्त्र असे विषय पुन्हा पुन्हा भेटतात. विज्ञान तिच्या आसपास सतत असते. तिच्या हातात मात्र ते क्वचितच दिले जाते.

सुरुवात दूरदर्शन मालिकांची. ‘कुमकुम भाग्य’ने तिला घरोघर पोहोचवले. २०१४ मध्ये ‘विटी दांडू’ आणि ‘सुराज्य’ हे मराठी चित्रपट आले. खरी ओळख पटली ती तबरेज नूरानी यांच्या ‘लव्ह सोनिया’ (२०१८) या चित्रपटाने. बहिणीच्या शोधात निघून देहविक्रीच्या जाळ्यात अडकलेल्या खेड्यातील मुलीची ही भूमिका आजही तिची सर्वांत चांगली भूमिका आहे, असे आमचे मत आहे. तिथे तिने फार थोडे बोलून दाखवले आहे की विचार करणारा चेहरा कसा असतो. सोनिया सतत अंदाज बांधत असते, कोणावर विश्वास ठेवायचा याचा हिशेब करत असते, आणि तो हिशेब आपल्याला तिच्या डोळ्यांत दिसतो. ही क्षमता सर्व अभिनेत्रींकडे नसते, आणि जिच्याकडे आहे तिच्याबाबत पुढची तक्रार अधिक गंभीर होते.

‘सुपर ३०’ (२०१९) शिक्षकांनी मोठ्या आवडीने पाहिला, आणि ते योग्यच होते. पाटण्याच्या आनंद कुमार यांची ही कथा. गरीब मुलांना गणित रोजच्या जगण्यातून शिकवावे, हे त्यात चांगले आले आहे. पण नायिकेचे काय? नायकाने प्रेम करावे आणि त्याने पैशाची वाट सोडल्यावर तिने दुसरीकडे लग्न करून निघून जावे, एवढ्यापुरती ती आहे. त्यातल्या प्रेमगीताचे नाव ‘जुगराफिया’, म्हणजे भूगोल! शाळेचा एक विषय तिच्या वाट्याला आला, तोही उपमेपुरता. गणितावरच्या चित्रपटात प्रमुख स्त्रीला एक साधे उदाहरणसुद्धा सोडवायला मिळू नये, हे आमच्या मते त्या चित्रपटाचे मोठे वैगुण्य आहे.

‘तूफान’मध्ये (२०२१) ती डॉक्टर झाली. तिथेही मुख्य काम मुष्टियोद्ध्याला माणसात आणण्याचे. ‘पिप्पा’ (२०२३) १९७१ च्या युद्धावरचा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पीटी-७६ रणगाड्याचा. त्यात ती नायकाची बहीण आहे आणि शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामात आहे. येथे प्रथमच तिला खरोखर काही कळते. चित्रपटाचा जीव मात्र रणगाड्यात अडकलेला असल्याने संकेत कसा फुटतो हे प्रेक्षकाला समजावून देण्याची उसंत त्याला नाही. ती उणीव वर्गात भरून काढता येते. वर्तमानपत्रातील एका स्तंभात ‘त’, ‘न’, ‘र’, ‘य’ अशी अक्षरे किती वेळा येतात ते मुलांना मोजू द्यावे, मग प्रत्येक अक्षराऐवजी दुसरे अक्षर घालून लिहिलेला उतारा द्यावा. अक्षरांच्या वारंवारतेवरून तो कसा उलगडतो हे तासाभरात कळते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी याने मांडलेली ही युक्ती आहे.

त्याच वर्षीच्या ‘हाय नाना’ या तेलुगू चित्रपटात लहान मुलीला सिस्टिक फायब्रोसिस हा आजार आहे. या रोगाचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे आणि ते १९८९ साली सापडले. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. दहावीच्या अनुवंशशास्त्रासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड. पण चित्रपटात आजार अश्रूंसाठी आहे आणि आईला झालेला स्मृतिभ्रंश गाठी घालण्यासाठी. अपघातानंतर नवरा, मूल सारे विसरावे आणि बाकी माणूस ठणठणीत राहावे, असा स्मृतिभ्रंश वैद्यकात अतिशय दुर्मीळ आणि आपल्या चित्रपटांत अतिशय सुलभ आहे. मृणालचे काम मात्र संयत आहे, हे सांगितले पाहिजे.

हे आक्षेप वाचून कोणी म्हणेल की लोकप्रिय चित्रपटाकडून तुम्ही फार अपेक्षा करता. तसे नाही. १९७९ चा ‘एलियन’ हा चांगलाच लोकप्रिय चित्रपट होता. त्याच्या पटकथेत पात्रे स्त्री की पुरुष हे ठरवलेले नव्हते, आणि रिपली या अधिकाऱ्याची भूमिका सिगर्नी वीव्हर हिच्याकडे गेली. परग्रहावरील जीव चेहऱ्याला चिकटलेल्या सहकाऱ्याला घेऊन लोक परततात तेव्हा रिपली दार उघडायला नकार देते. चोवीस तास विलगीकरण, असा नियम ती सांगते. तिचे कोणी ऐकत नाही आणि पुढचा सारा अनर्थ घडतो. हा नियम हवेतून आलेला नाही. अपोलो ११ चे चांद्रवीर परतल्यावर त्यांना २१ दिवस विलग ठेवले होते. रिपलीला काही ठाऊक आहे, आणि चित्रपटाचा डोलारा त्यावर उभा आहे. वीव्हर पुढे तीन उत्तरभागांत रिपली झाली, ‘अवतार’मध्ये (२००९) वनस्पतिशास्त्रज्ञ झाली, आणि २०२२ च्या दुसऱ्या भागात, वयाच्या ७३ व्या वर्षी, चौदा वर्षांची मुलगी झाली!

अशा भूमिकांचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही. ‘स्टार ट्रेक’ मालिकेत १९६६ पासून संदेशवहन अधिकारी उहुरा हिची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवण्याची मोहीम चालवली. सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनी लहानपणी पाहिलेल्या उहुराचा उल्लेख आवर्जून केला आहे. धुळ्यात मृणालचा जन्म झाला त्यानंतर दीडच महिन्याने जेमिसन अवकाशात गेल्या, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहावा असा.

आता ‘कल्की’. नाग अश्विन यांच्या या चित्रपटाची भव्यता आम्हाला मान्य आहे. बुज्जी नावाची बोलणारी गाडी चित्रीकरणासाठी खरोखर बनवली गेली, आणि तिच्यावर मुले खूष असतात. काळाचा हिशेबही गमतीचा आहे. कलियुगाचा आरंभ परंपरेने इ. स. पू. ३१०२ मानतात, त्यात २८९८ मिळवले की ६००० होतात. (चतुर विद्यार्थी येथे हात वर करील. इतिहासाच्या गणनेत शून्य वर्ष नसल्याने अंतर ५९९९ वर्षांचे भरते.)

कथेच्या मुळाशी मात्र एक अस्वस्थ करणारी कल्पना आहे. पृथ्वी ओसाड झाली आहे, काशी हे शेवटचे शहर उरले आहे. यास्किन नावाचा सर्वसत्ताधीश गर्भधारणाक्षम स्त्रियांना पकडून आपल्या प्रयोगशाळेत आणवतो. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. त्यांच्या गर्भातून एक द्रव काढला जातो आणि त्याच्या थेंबाने यास्किनला तारुण्य मिळते.

यात विज्ञान अजिबात नाही असे नाही. २००५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले, तेव्हा वृद्ध उंदरांच्या स्नायूंची भरून येण्याची क्षमता सुधारली. त्याहून नवलाची गोष्ट १९९६ ची. गर्भातील मुलाच्या काही पेशी आईच्या रक्तात, बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही सापडल्या. वार म्हणजे भिंत नव्हे, देवाणघेवाणीची जागा आहे. पुढच्याच वर्षी डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाचे डीएनए आईच्या रक्तद्रवात शोधून काढले. आज गर्भातील गुणसूत्रदोषांची तपासणी आईच्या रक्ताच्या नमुन्यावरून होते, ती याच शोधामुळे. एवढी सामग्री हाताशी असताना चित्रपटाने काय केले? त्या द्रवाला अमृत करून टाकले. द्रव कसा काम करतो, कोणी शोधला, कोणी त्याला नकार दिला, यातले काही नाही. विज्ञान काढून तेथे मंत्र ठेवला तरी कथा तशीच चालते. पहिल्या कसोटीला चित्रपट उतरत नाही.

दुसऱ्या कसोटीला तर नाहीच. दीपिका पदुकोणची ‘सम ८०’ ही या विश्वातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती, पण महत्त्व तिच्या पोटातल्या बाळाचे आहे. तिला वाचवायचे, लपवायचे, पळवायचे, तिच्यासाठी महारथींनी लढायचे. आपल्या देहात काय चालले आहे हे तिनेच समजून घ्यावे असे कोणाला वाटत नाही. मृणालची छोटी भूमिकाही याच जगातली. ‘लव्ह सोनिया’त जिचा विचार करणारा चेहरा आम्ही पाहिला, तिला हे जग एक क्षणही विचार करू देत नाही.

स्त्रीच्या गर्भावर यंत्राची आणि सत्तेची नजर, ही कल्पना इतर कुठल्या प्रेक्षकाला दूरच्या भविष्यातील वाटेल. जळगावला ती तशी वाटण्याचे कारण नाही. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर १००० मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२ उरल्या. राज्याची सरासरी तेव्हा ८९४ होती, धुळ्याचा आकडा तिच्या जवळपास होता. निसर्गतः १००० मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली जन्मतात. म्हणजे जळगावात दर हजार मुलग्यांमागे शंभराहून अधिक मुली हिशेबात लागत नाहीत. काही बालपणीच्या दुर्लक्षाने गेल्या असतील, पुष्कळशा जन्मालाच आल्या नाहीत.

यातले यंत्र ध्वनिलहरींचे. धातूतील तडे शोधणारे उपकरण ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी रुग्णांच्या पोटावर वापरून पाहिले आणि १९५८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. गर्भवतीचे प्राण वाचवणाऱ्या या तंत्राचा आपल्याकडे काय उपयोग झाला हे शिक्षकांना सांगायला नको. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही वरचे आकडे त्यानंतरचे आहेत. यास्किनची प्रयोगशाळा बांधायला कोट्यवधी रुपये लागले. आमच्या जिल्ह्यात त्या कामाला पडदा लावलेली एक खोली पुरली, आणि तिथे पकडून आणणारे बहुधा घरचेच होते. विज्ञानपटाला हे दिसले असते तर?

‘कल्की’चा पुढील भाग यायचा आहे. दीपिका त्यात नसेल असे निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. ‘सम ८०’ म्हणून जी कोणी अभिनेत्री येईल, तिच्यासाठी आम्हाला एकच दृश्य हवे आहे. प्रयोगशाळेतला तिच्या स्वतःच्या तपासणीचा अहवाल तिच्या हाती लागतो, ती तो शेवटपर्यंत वाचते, आणि त्यातील एक आकडा चुकीचा आहे हे तिच्या लक्षात येते.