‘एक्साइटबाइक’मधील काठिण्याचा न्याय

खेळाचे काठिण्य हा गुण मानावयाचा की दोष, हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे असे काहींना वाटेल. वस्तुतः मर्ढेकरांच्या कवितेवरून दुर्बोधतेचा जो वाद आपल्याकडे झाला, त्याचेच हे दुसरे रूप होय.

निंटेंडो कंपनीसाठी शिगेरू मियामोतो यांनी रचलेला हा मोटारसायकल-शर्यतीचा खेळ १९८४ साली जपानात प्रसिद्ध झाला. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवरही तो आला. सातारा-सांगलीकडे तो आला तो मात्र १९९० नंतरच्या दशकात, नकली यंत्रांच्या ‘एकात अनेक’ कॅसेटींतून. नाण्यावर चालणाऱ्या खेळास खेळणारा लवकर हरणे सोयीचे असते. सेगा कंपनीच्या ‘हँग-ऑन’ (१९८५) या खेळात घड्याळाचा धाक आहे. वेळ संपली की खेळ संपला. हे काठिण्य बाहेरून लादलेले आहे.

‘एक्साइटबाइक’चे तसे नाही. येथे वेगाची दोन बटणे आहेत. एकाने गाडी बेताने धावते. दुसऱ्याने ती उसळते, पण इंजिन तापत जाते. तापमानाची पट्टी भरली की गाडी कडेला उभी राहते आणि मागचे स्वार पुढे निघून जातात. उंचवट्यावरून उडालेली गाडी हवेतच सावरावी लागते. उतरताना कोन चुकला की स्वार पडलाच. यवतेश्वरचा घाट जुन्या गाडीवरून चढलेल्यास हा न्याय निराळा समजावून सांगावयास नको. पतनाचे कारण क्षणापूर्वीच्या आपल्याच निर्णयात असते, आणि म्हणून ते काठिण्य कलात्मक ठरते, असे माझे मत आहे. अर्थात इतर स्वारांसह खेळावयाच्या प्रकारात हा न्याय ढळतो. पुढच्याच्या मागील चाकाला आपले चाक लागले की आपण पडतो. नियम दोघांना सारखाच, तरी पुढचा ऐनवेळी आडवा आला तर तो आपला अपराध कसा?

रससिद्धान्त येथे लावावयाचा तर अडचण येते. भरताचा प्रेक्षक कर्ता नाही. येथे कर्ताच प्रेक्षक आहे, आणि स्वतः पडल्यावर होणारा त्रागा निखळ लौकिक असतो. माझ्या समजुतीप्रमाणे या खेळाचा खरा सहृदय म्हणजे आपल्या पाळीची वाट पाहत शेजारी बसलेला मुलगा. बैलगाडी-शर्यतीत कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याप्रमाणे त्याला धोका नसतो, पण त्यातले सारे कळते.

खेळणाऱ्यास स्वतःची धावपट्टी रचण्याची सोयही यात आहे. ती जतन करण्याची आज्ञाही पडद्यावर दिसते. परंतु जपानात मिळणारे टेपचे उपकरण जोडल्यावाचून ती निष्फळ होती. वीज गेली की रचना गेली. अडथळ्यांना रोमन अक्षरे दिलेली असल्याने एखाद्याने ती अक्षरे क्रमाने वहीत उतरून ठेवली असतील, तरच ती पुन्हा उभी करता येत असे.