मराठी प्रवासवर्णनातील युरोपीय शहर : आडवाट आणि वाकडी वाट

प्रस्तावना :
मराठीत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार एकोणिसाव्या शतकातच रुजला असला, तरी युरोपीय शहरांची वर्णने खऱ्या अर्थाने बहरली ती विसाव्या शतकात. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) ही त्यातील ठळक नावे होत. या लेखनाची समीक्षा बहुधा शैली, विनोद, चित्रमयता आणि तुलनादृष्टी याच चौकटीत होत राहिली. प्रवासी त्या शहरात नेमका कशासाठी थांबतो आणि ठरलेला रस्ता सोडून कोठे वळतो, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

हा प्रश्न आज नव्याने उपस्थित होण्यास एक कारण आहे. पंधरा दिवसांत सात-आठ देश दाखविणाऱ्या सहलींबरोबरच आता एकाच शहरात तीन-चार दिवस राहून ‘चाकोरीबाहेरचे’ पाहण्याची टूम निघाली आहे. आयफेल टॉवर सर्वांनीच पाहिलेला असतो. म्हणून मग पॅरिसच्या भूगर्भातील अस्थिगृह, गटारांचे संग्रहालय, पेर लाशेजची दफनभूमी यांची शिफारस केली जाते. यात गैर काही नाही. परंतु अस्थिगृहासमोर तिकिटाची रांग लागली की त्या आडवाटेचा हमरस्ता झालेला असतो, आणि पुढल्या वर्षी दुसरी आडवाट शोधावी लागते.

संकल्पना :
मराठीत यासाठी दोन शब्दप्रयोग आहेत आणि त्यांतील भेद लक्षणीय आहे. ‘आडवाट’ हे स्थळाचे वर्णन होय. मुख्य रस्त्यापासून दूर असलेली ती जागा. ‘वाट वाकडी करणे’ ही मात्र माणसाची कृती आहे. आजारी आत्याला भेटण्यासाठी, जुन्या गुरुजींच्या पाया पडण्यासाठी, कोणा दिवंगताच्या घरच्यांचे सांत्वन करण्यासाठी माणूस वाट वाकडी करतो. तेथे वेळ जातो, पदरचे पैसे जातात, पण जाणे टळत नाही. म्हणजे आडवाटेला ठिकाण पुरते. वाकडी वाट करण्यासाठी कोणाशी तरी नाते असावे लागते. (‘वाकड्या वाटेला लागणे’ याचा अर्थ अगदीच वेगळा, हे सांगणे नलगे.) पर्यटन व्यवसाय आडवाटा विकू शकतो. वाकडी वाट विकता येत नाही.

विवेचन :
या कसोटीवर ‘अपूर्वाई’ तपासली असता काय दिसते? पु. लं.चा प्रवासी बुजरा, कुतूहलाने भरलेला मध्यमवर्गीय आहे. तो शहर पाहतो ते खाणे, बोलणे, रंगभूमी आणि माणसांच्या लकबी यांच्या आधारे. स्थळांची जंत्री त्याला फारशी मोहवीत नाही, हे त्याचे मोठेपण. तरीही त्याचे नाते मुख्यतः इंग्रजी वाङ्मयातून आलेले आहे. तो जेथे वळतो तेथे शालेय पुस्तकांनी त्याला आधीच नेऊन सोडलेले असते. मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ याहून वेगळे, कारण तेथे लेखिका त्या शहराची रहिवासी आहे. रहिवाशाला वाट वाकडी करावी लागत नाही, त्याची ती रोजचीच वाट असते. त्याही कितीतरी आधी, १८८३ साली, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या पाहण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचे पत्ररूप लेखन म्हणूनच स्थळदर्शनाच्या अपेक्षेने वाचणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

या परंपरेत अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक सर्वस्वी निराळे उभे राहते. अण्णा भाऊ १९६१ साली मॉस्कोला गेले. वाटेगावहून मुंबईपर्यंत कुटुंबासमवेत पायी केलेला प्रवास हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा प्रवास. पुढे गिरणी, मजुरी, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी आणि १९४४ साली स्थापन झालेले लाल बावटा कलापथक. असा माणूस परदेशी जातो तेव्हा त्याच्या पाहण्याचा क्रमच बदलतो. वास्तू मागे सरते आणि रस्त्यावरचा कष्टकरी पुढे येतो. तो कसा राहतो, काय खातो, त्याच्याशी इतर कसे बोलतात, याची चौकशी हेच त्यांचे शहरदर्शन ठरते. मुंबईत दारिद्र्य ज्याने आतून भोगले, त्यालाच दुसऱ्या शहरात ते कोठे आहे आणि कोठे नाही हे शोधावेसे वाटते. ‘अपूर्वाई’च्या प्रवाशाला हा प्रश्न पडत नाही. तो पडावा अशी अपेक्षाही अन्यायाची ठरेल.

तथापि या पुस्तकाचा गौरव करताना त्याची मर्यादा झाकणे योग्य नाही. अण्णा भाऊंची नजर नवी आहे, श्रद्धा मात्र प्रवासापूर्वीच पक्की झालेली आहे. १९५६ साली ख्रुश्चॉव्हने स्टालिनच्या राजवटीवर केलेली टीका जगजाहीर होती, तरी तिची सावली या वर्णनावर पडत नाही. यजमानांनी दाखविले त्यावर पाहुण्याने विश्वास ठेवला. काणेकरांच्या पुस्तकाच्या नावातच युरोपचे धुके आणि रशियाचा तारा अशी वाटणी आहे; वीस वर्षांनंतरही ती मराठी डाव्या मनातून गेली नव्हती. नात्यामुळे डोळे उघडतात, तसे ते काही बाबतींत मिटतातही, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. अभ्यासकांनी या पुस्तकाला एकतर दस्तऐवज म्हणून गौरविले किंवा प्रचार म्हणून बाजूला सारले. प्रवासवर्णन म्हणून त्याचे बारकाईने वाचन व्हावयाचे आहे. पुढे २०२२ साली मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसविण्यात आला आणि ज्याने वाट वाकडी केली, त्याच्यासाठीच इतरांनी वाट वाकडी करावी असे ठिकाण तेथे निर्माण झाले.

लंडनमध्ये अशी ठिकाणे अनेक आहेत. मेडा व्हेल भागातील हाउली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तेथे राहिल्याची पाटी आहे. हायगेटला कार्ल मार्क्सची समाधी पाहणाऱ्यांना जवळच, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर, श्यामजी कृष्णवर्मांचे ‘इंडिया हाउस’ होते हे ठाऊक असतेच असे नाही. पण सर्वांत बोलके उदाहरण प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घराचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले. पुढे निवासी घराचे संग्रहालयात रूपांतर करण्यास कॅम्डेन कौन्सिलने नकार दिला. चौकशी होऊन २०२० साली परवानगी मिळाली. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते एका शांत गल्लीतील घर होते. भीमजयंतीला निळा झेंडा लावणाऱ्या वस्तीतून आलेल्या माणसाला ते आडवाटेचे ठिकाण वाटणे शक्यच नाही. लंडनचा त्याचा नकाशा तेथूनच सुरू होतो.

नांदेडच्या वाचकाला ही सापेक्षता वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. साउथॉलहून सचखंड गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या शीख कुटुंबाला देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे ‘चाकोरीबाहेरची’ वाटतील. लातूरच्या पाहुण्याला औसा तालुक्यातील खरोशाची लेणी दाखवावी लागतात, गावकऱ्याला ती रोज दिसतात.

या विवेचनाचा संबंध अध्यापनाशी आहे. नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीधर असतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेमुळे अनुसूचित जातींतील विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत पोहोचू लागले आहेत. त्यांच्यापुढे प्रवासवर्णनाचा नमुना म्हणून केवळ विनोदी, सुखवस्तू नजरेचा उतारा ठेवला, तर आपले पाहणे हे लिहिण्याजोगे नाही असा त्यांचा ग्रह होतो. ‘अपूर्वाई’ काढून टाकण्याची सूचना येथे अभिप्रेत नाही. तिच्या शेजारी ‘माझा रशियाचा प्रवास’ ठेवावे, दोन्ही उतारे एकाच तासिकेत वाचावेत, आणि दोघे प्रवासी परक्या शहरातील रस्त्यावर प्रथम कोणाकडे पाहतात हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा.