धुक्यातील कबुली

भुताखेतांचे खेळ मुलांच्या मनावर काय परिणाम करतील, ही पालकांची चिंता रास्तच आहे. तथापि या प्रकारातील एक कृती आम्हांस गंभीर वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावीशी वाटते. ती म्हणजे जपानच्या कोनामी कंपनीने २००१ साली आणलेला ‘सायलेंट हिल २’ हा व्हिडिओ गेम.

जेम्स संडरलंडला पत्नी मेरीचे पत्र येते. ती तर तीन वर्षांपूर्वी आजाराने वारली, असे तो सांगतो. तिच्या शोधात तो धुक्याने वेढलेल्या ओसाड गावात शिरतो. छातीशी विजेरी, खिशात रेडिओ. राक्षस जवळ येताच रेडिओ खरखरतो. भीती दिसण्याआधी ऐकू येते. अखेरीस उलगडते, की आजारी मेरीचा जीव जेम्सनेच उशीने घेतला होता. राक्षस त्याच्या अपराधी मनातूनच उपजले होते.

शेवट मात्र एकच नाही. खेळणारा मेरीचे पत्र व छायाचित्र पुनःपुन्हा न्याहाळतो का, स्वतःच्या जखमांवर वेळीच उपचार करतो का, हे खेळ मूकपणे टिपतो आणि त्यावरून जेम्सचे भवितव्य ठरवतो: आत्मनाश किंवा पुन्हा जगणे. नीतीचा उपदेश न करता नीतीचा प्रश्न आपल्या हाती सोपविणे, हे या कृतीचे बळ होय.

२०२४ च्या नव्या आवृत्तीत झुंजी वाढल्या आणि शोक काहीसा मागे पडला, असे आमचे मत आहे.

हा खेळ मुलांसाठी नव्हे. परंतु ज्या घरांत दीर्घ आजार मुक्कामाला आहे, तेथे शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याविषयी कोणी विचारत नाही. हा खेळ ते विचारतो.