पात्र आणि लायक

निमगाव सावाची सरपंच व्हायला गावातच जन्मावं लागत नाही. सासरच्या मतदारयादीत नाव असलं, की बाहेरगावची सूनही उभी राहू शकते. म्हणून शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांचं मे १९९९चं पत्र खटकतं. सोनिया गांधी १९८३पासून भारतीय नागरिक. पत्राची मागणी अशी, की पंतप्रधान जन्माने भारतीयच हवा आणि त्यासाठी घटनादुरुस्ती करा. म्हणजे आहे त्या घटनेनुसार त्या पात्र होत्या, हे पत्रच कबूल करतं. लायक कोण, हे मतदारांनी ठरवायचं. पत्राने तो प्रश्न पात्रतेत कोंबला. पाच महिन्यांनी राज्यात काँग्रेससोबतच सरकार आलं. घटना मात्र आजही नागरिकत्व विचारते, जन्मगाव नाही.