अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम
माथेरान येथे जन्मलेले विधिज्ञ आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांचा इंग्रजी ग्रंथ (१९६३). श्रद्धा व नीती हा धर्माचा चिरंतन गाभा होय. विधी मात्र देशकालानुसार पालटतो, म्हणून दोहोंची फारकत केली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शरीयतमध्ये धर्मकर्तव्य व कायदा मुळातच एकरूप असल्याने हे प्रतिपादन परंपरेला हादरा देणारे होते. १९३९ च्या अधिनियमाने मुस्लिम स्त्रियांना न्यायालयामार्फत विवाहविच्छेद मागण्याचा हक्क दिला, तो मालिकी पंथाच्या मतांचा आधार घेऊन. हनफी पंथातील उणीव परंपरेतूनच भरून काढण्यात आली. फैजी याच्या पुष्कळच पुढे जातात.

तथापि गाभा कोणता हे ठरविण्याचे काम ते मुख्यतः व्यक्तीच्या विवेकावर सोपवितात, हे या ग्रंथाचे वैगुण्य होय. प्रार्थनेच्या बाबतीत ते चालेल. तलाकात दुसरा पक्ष असतो आणि त्याला न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेणारे हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी ही अडचण ओळखली होती. धर्मग्रंथाच्या अर्थनिर्णयात न गुंतता त्यांनी समान नागरी कायद्याचीच मागणी केली. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविला, तेव्हा बहुमतातील तीन न्यायमूर्तींची कारणे एक नव्हती : एकाने ती प्रथा कुराणाशी विसंगत मानली, तर दोघांनी ती मनमानी म्हणून संविधानविरोधी ठरविली.